डांबर शिकविणाऱ्यांचे शिक्षण



ज्यांच्या स्मरणार्थ चामटोलीत ही व्याख्यानमाला चालते त्यांचे नाव मी आज घेणार नाही, कारण त्यांच्या चिरंजीवांनी तसे बजावून ठेवले आहे आणि या पंचक्रोशीत ते नाव घेण्याची कोणास कधी जरूरही पडली नाही. बदलापुराहून वांगणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर ते मैलकुली म्हणून हजर झाले, मुकादम म्हणून सेवानिवृत्त झाले आणि अखेरपर्यंत लहानथोरांचे 'मुकादम'च राहिले. पुढाऱ्यांच्या, पंडितांच्या आणि दानशूर शेठजींच्या नावाने चालणाऱ्या व्याख्यानमाला मी पुष्कळ ऐकल्या. रस्त्याच्या मुकादमाच्या नावाने चालणारी मात्र मी पाहिलेली ही एवढीच. मी स्वतःला त्यांचा विद्यार्थी म्हणवितो ते सभेचा शिष्टाचार म्हणून नव्हे. पदवी मला विद्यापीठाने दिली, पण मी शिकवीत असलेला विषय खरा आहे, त्याला वास, उष्णता आणि रंग आहे, हे मला त्यांनी दाखविले.

वयाच्या पंचविसाव्या वर्षी मला एका महाविद्यालयात अधिव्याख्यात्याची जागा मिळाली, आणि ज्येष्ठांनी आपापले विषय वाटून घेतल्यावर जो उरला तो, म्हणजे रस्तेबांधणी, माझ्या पदरात पडला. दोन वर्षे मी तो पुस्तकावरून इतक्या आत्मविश्वासाने शिकविला की, आजही त्या तुकडीतला कोणी कार्यकारी अभियंता म्हणून भेटला म्हणजे मी आधी त्याच्या रस्त्यांची विचारपूस करतो आणि मग प्रकृतीची. तिसऱ्या वर्षी विद्यार्थ्यांना घेऊन याच रस्त्यावर काम पाहावयास आलो. गरम मालाचा डंपर येऊन उभा राहिला होता. मुकादम चाकावर पाय देऊन वर चढले, ताडपत्रीचा कोपरा उचलला, क्षणभर पाहिले आणि खाली उतरून चालकाला म्हणाले, "परत ने."

मी पुढे होऊन विचारले, "मुकादम, थर्मामीटर न लावताच?"

"साहेब, निळा धूर बघितलात ना? माल करपलाय. डांबरातलं तेल उडालं, आता टाकला तरी दिवाळीपर्यंत भेगा पडतील."

आणि मग, वर्गात कोणी कधी विचारले नव्हते ते मी विचारतो आहे असे पाहून, त्यांनी उरलेला धडाही दिला. डंपरात मालाचे ढीग टोकदार, भाताच्या मुदीसारखे ताठ उभे असले तर माल निवलेला असतो किंवा त्यात डांबर कमी असते. तोच माल पिठल्यासारखा सपाट पसरला असला तर डांबर जास्त झालेले असते. आणि पांढरी वाफ निघत असली तर प्लांटवर खडी नीट वाळविलेली नसते. माझ्या हातातल्या पुस्तकात यांतले एक वाक्य नव्हते. पुढे अनेक वर्षांनी एका परदेशी मार्गदर्शिकेत हीच लक्षणे, निळा धूर, टोकदार ढीग, वाफ, याच क्रमाने छापलेली वाचली तेव्हा मला जो आनंद झाला त्यात थोडी लाजही मिसळलेली होती.

परंतु मुकादमांचे ज्ञान संपूर्ण होते असे म्हणणे ही त्यांची भक्ती झाली, स्मरण नव्हे. डांबर जितके जास्त तितका रस्ता टिकाऊ अशी त्यांची पक्की समजूत होती, आणि तिच्यापायी मोरीजवळच्या एका तुकड्यावर वैशाखात डांबर वर येऊन लोकांच्या चपला रस्त्याला चिकटत. दाबून झालेल्या मिश्रणात हवेला शेकडा 3 ते 5 इतकी मोकळी जागा ठेवावी लागते, नाही तर उन्हाळ्यात फुगलेल्या डांबराला जावयास वाटच राहत नाही, हे मी त्यांना वहीवर आकृती काढून समजाविले. त्यांनी मान डोलविली आणि विश्वास ठेवला नाही. पुढल्या वर्षी मोजून डांबर घातलेला तुकडा शेजारीच केला गेला, आणि त्या वैशाखात दोन्ही तुकड्यांवरून ते अनवाणी चालून आले. तेव्हा कोठे त्यांनी माझी विद्या मान्य केली. डोळा त्यांच्यापाशी होता, कारण माझ्यापाशी होते. आणि ज्या अध्यापकाच्या ठिकाणी ही दोन्ही एकत्र येत नाहीत त्याने डांबर शिकवू नये, एवढेच मला आज सांगावयाचे आहे. मात्र ती एकत्र यावीत यासाठी आपण कोणती तजवीज केली आहे, याचा हिशेब घेऊ लागले की जमेची बाजू फारच तोकडी दिसते.

आपल्याकडील अभियांत्रिकी शिक्षणाचा उगम पाहा. पुण्यात 1854 साली जो वर्ग निघाला त्याचे नाव इंजिनिअरिंग क्लास आणि मेकॅनिकल स्कूल असे होते, आणि सरकारी बांधकामांवर देखरेख करणारे कनिष्ठ अंमलदार तयार करणे हा त्याचा उद्देश होता. म्हणजे आरंभी तरी शाळा आणि कामाची जागा यांत फार अंतर नव्हते. त्या वर्गाचे पुढे महाविद्यालय झाले, महाविद्यालय विद्यापीठाशी जोडले गेले, विद्यापीठाने परीक्षा घेतली, आणि परीक्षेने तेवढेच विचारले जे कागदावर लिहिता येते. यात कोणाची कसूर झाली असे मी म्हणत नाही. संस्था मोठ्या होताना असेच होते.

रस्त्यांच्या बाबतीत तर आपल्या एका मराठी माणसाचे ऋण साऱ्या देशावर आहे. मोटारगाड्या वाढल्या, पूर्वीचे पाणी मारून दाबलेल्या खडीचे रस्ते धुळीस मिळू लागले, तेव्हा 1927 साली जी समिती नेमण्यात आली तिचे अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर होते. कायद्याचा, संगीताचा आणि वेदान्ताचा व्यासंगी असा हा गृहस्थ रस्त्यांच्या प्रश्नात इतका खोल शिरला की, त्याच्या समितीच्या 1928 सालच्या अहवालातून पेट्रोलवरील जादा कराचा मध्यवर्ती रस्ता निधी 1929 साली उभा राहिला, 1934 साली इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली आणि स्वातंत्र्यानंतर 1952 साली दिल्लीची केंद्रीय रस्ता संशोधन संस्था सुरू झाली. मधल्या काळात, 1943 साली, नागपुरास मुख्य अभियंत्यांची परिषद भरून वीस वर्षांची देशव्यापी रस्तेयोजना आखली गेली, ती आजही विद्यार्थी नागपूर योजना या नावाने पाठ करतात. पैसा, परिषद, प्रयोगशाळा, योजना असे सगळे झाले. हे सर्व ज्याने विद्यार्थ्याला सांगावयाचे तो खडू घेऊन उभा असलेला मनुष्य मात्र या साऱ्या व्यवस्थेत कोणाच्याच खाती जमा नव्हता.

नंतर त्याचीही आठवण झाली. 1960 नंतरच्या दशकात तंत्रशिक्षणाच्या अध्यापकांसाठी भोपाळ, कलकत्ता, मद्रास आणि चंदीगड येथे प्रशिक्षण संस्था निघाल्या, आणि पश्चिम विभाग म्हणून महाराष्ट्र भोपाळकडे आला. त्या संस्थेविषयी माझ्या मनात आदर आहे. पाठाची टाचणे कशी काढावीत, फळ्याचे भाग कसे पाडावेत, प्रश्न सोप्याकडून अवघडाकडे कसे न्यावेत, हे मी तेथे शिकलो आणि माझे वर्ग सुधारले. पण शिकविण्याची कला शिकविणे वेगळे आणि शिकविण्याच्या वस्तूची ओळख करून देणे वेगळे. पुढे मुंबईच्या आय.आय.टी.त प्राध्यापक दीपक फाटक यांच्या नेतृत्वाखाली एकाच वेळी हजारो अध्यापकांना दूरस्थ पद्धतीने शिकविण्याचा मोठा उपक्रम झाला, आणि एवढ्या अध्यापकांपर्यंत एकदम पोहोचता येते हे त्याने सिद्ध केले. गणिताला, संगणकशास्त्राला ती रीत मानवते. डांबराची अडचण अशी की, पडद्यावरून वास येत नाही.

वास्तविक 'डांबर' या शब्दापासूनच आपल्या वर्गातील घोटाळा सुरू होतो. दगडी कोळशापासून निघणारे ते डांबर, ज्यातून मिळणाऱ्या पदार्थाच्या गोळ्या आपण कपाटात ठेवतो आणि ज्यांना म्हणूनच डांबरगोळ्या म्हणतो. रस्त्यावर पडते ते मात्र खनिज तेल शुद्ध करताना तळाशी उरणारे बिटुमेन, जे आपल्याकडे मुख्यतः मुंबईच्या माहूल-तुर्भे भागातील तेलशुद्धीकरण कारखान्यांतून टँकरने येते. दोहोंचे रसायन निराळे, वास निराळा, उन्हातले वागणे निराळे. भाषेने दोघांना एकच नाव दिले, त्याला माझी हरकत नाही, मीही या व्याख्यानात तेच करणार आहे. पण एका अध्यापकाने मला डांबरगोळीचा दाखला देऊन बिटुमेन उडून जाते असे समजाविले, तेव्हा या दोन पदार्थांचे डबे त्याने कधी शेजारी ठेवून उघडलेच नव्हते हे उघड झाले.

आता प्रयोगशाळेत चला. डांबराचा कठीणपणा मोजण्याची जुनी परीक्षा अशी: 25 अंशांवर ठेवलेल्या डांबरात 100 ग्रॅम भाराची सुई 5 सेकंद सोडावयाची आणि ती मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या मापाने किती खोल गेली ते पाहावयाचे. वाचावयास दोन ओळी. पण अंबरनाथ-उल्हासनगरच्या हवेत एप्रिल महिन्यात प्रयोगशाळेतील नळाचे पाणीच मुळी 30 अंशांच्या वर असते, आणि गार पाण्याचे यंत्र बहुधा बिघडलेले. मग करावयाचे काय? माझ्या एका साहाय्यकाने फाटकाबाहेरच्या रसवंतीतून पोतडीत बांधलेला बर्फ आणून तो घमेल्यात फोडला, खडा खडा टाकीत पाणी 25 वर आणले, दीड तास ते तेथेच राखले, प्रत्येक वेळी सुई पुसून घेतली, आणि मग तीन टोचण्या घेतल्या. त्या एका दुपारी विद्यार्थी तापमानाविषयी जे शिकले ते वर्षभरात शिकले नसते. एरवीचा शिरस्ता काय आहे तो आपण सर्व जाणतो. गेल्या वर्षीच्या जर्नलातले आकडे या वर्षीच्या जर्नलात उतरतात, 65, 66, 64, आणि अध्यापक लाल शाईने सही करतो, कारण त्याच्या स्वतःच्या विद्यार्थिदशेतही आकडे असेच उतरले होते. ही वंशपरंपरा आहे, आणि ती तोडावयाची तर विद्यार्थ्यापासून नव्हे, गुरूपासून तोडली पाहिजे.

दाबलेल्या मिश्रणाची ताकद मोजणाऱ्या मार्शल परीक्षेचेही तसेच. मिसिसिपीच्या महामार्ग खात्यातील ब्रूस मार्शल याने 1939 च्या सुमारास ती बसविली आणि दुसऱ्या महायुद्धात जड विमानांच्या धावपट्ट्यांसाठी अमेरिकी सैन्याने ती उचलली, हे आपण सांगतो. पण साडेचार किलोंचा हातोडा दीड फुटावरून एका बाजूस 75 आणि उलटवून दुसऱ्या बाजूस 75 वेळा सोडणे, तेही माल निवण्यापूर्वी, म्हणजे काय, हे ज्याच्या दंडाला ठाऊक नाही त्याला 'दाबणे' या क्रियापदाचा अर्थ कळलेला नसतो.

अध्यापकांना डांबराची ओळख करून देण्याचे काम अमेरिकेत झाले आहे: अॅलाबामा राज्यातील ऑबर्न विद्यापीठात 1986 साली डांबर तंत्रज्ञानाचे राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले, आणि तेथे महाविद्यालयीन अध्यापकांसाठीच खास वर्ग भरू लागला. डांबराचा धंदा करणाऱ्या ठेकेदारांच्या संघटनेने त्या केंद्राला आधार दिला, हे विशेष. धंदेवाइकांच्या ध्यानी आले की, आपणास मिळणारे नवे अभियंते काँक्रीट जाणतात, पोलाद जाणतात, डांबर जाणत नाहीत. आणि त्याचे कारण शोधता शोधता ते विद्यार्थ्यांवरून अध्यापकांपर्यंत पोहोचले. त्या केंद्राची 2.7 किलोमीटरची अंडाकृती चाचणी-वाट आहे, तिच्यावर वेगवेगळ्या मिश्रणांचे तुकडे घालून जड मालमोटारी फिरवितात, आणि एरवी कित्येक वर्षांत होणारी झीज दोन वर्षांत घडवून आणतात. आपणास तसली वाट बांधण्याची गरज नाही. आपले ठेकेदार ती फुकट पुरवितात.

अधिक गंभीरपणे बोलतो. अमेरिकेतच इलिनॉय राज्यात 1958 ते 1960 या काळात झालेल्या रस्ताचाचणीतून असे निघाले की, आसावरील भार दुप्पट झाला तर रस्त्याची हानी दुप्पट न होता सुमारे सोळापट होते. हे गणित फळ्यावर मांडले तर विद्यार्थी लिहून घेतात. खडीने काठोकाठ भरलेला डंपर ज्या रस्त्याने रोज जातो त्या रस्त्याच्या कडेला उभे करून मांडले तर ते लिहिण्याचे विसरतात आणि चाकांकडे पाहत राहतात.

आणि मग आपले पाणी. 26 जुलै 2019 च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस उल्हास नदीच्या पुरामुळे याच चामटोलीच्या शिवारात अडकली, दुसऱ्या दिवशी हजाराहून अधिक प्रवाशांची सुटका झाली, आणि आपणांपैकी कित्येकांनी त्यांना आधार दिला. ती हकीकत मी आपणांस सांगणे म्हणजे कोळ्याला समुद्र दाखविणे होय. मी त्या पुराचे नाव काढतो ते निराळ्या कारणासाठी. आगगाडी दुसऱ्या दिवशी साऱ्या देशाला दिसली. पाण्याखाली बसलेल्या रस्त्याला काय झाले ते कोणासच दिसत नाही, कारण डांबरी रस्ता पाण्याने लगेच मोडत नाही. दगडाला स्वभावतः डांबरापेक्षा पाण्याचे प्रेम अधिक. वरचा थर नीट दाबला गेला नसेल, त्यात पोकळ्या राहिल्या असतील, तर पाणी आत शिरते, दगड आणि डांबर यांच्या मध्ये जाऊन बसते, आणि वरून प्रत्येक चाकाच्या दाबासरशी पिचकारीसारखे पुढे सरकत त्यांचा संबंध तोडीत जाते. दोन-तीन आठवड्यांनी एका सकाळी खड्डा दिसतो आणि लोक म्हणतात, रस्ता रात्रीत उखडला.

येथील दगडाला दोष देऊ नका. आपला काळा पाषाण उत्तम. येथून थोड्याच अंतरावर अंबरनाथचे शिवालय शके 982 पासून, म्हणजे 1060 सालापासून, त्याच पाषाणात उभे आहे, आणि डांबराशी त्याचे जमतेही बरे. बिघाड धुळीत असतो. खडीवर भुकटी राहिली की डांबर त्या भुकटीला चिकटते, दगडाला नव्हे. मुकादम ट्रकमधून मूठभर खडी काढून आपल्या पांढऱ्या धोतराच्या सोग्यावर घाशीत. डाग मोठा पडला तर ट्रक परत. भारतीय मानकाप्रमाणे डांबर लावलेली खडी 40 अंशांच्या पाण्यात 24 तास बुडवून शेकडा 95 पृष्ठभाग झाकलेला राहतो की नाही ते पाहावयाचे असते, आणि ती परीक्षा मी सोडा असे म्हणणार नाही. पण अध्यापकांसाठी मी जो वर्ग घेतो त्यात पहिल्या दिवशी प्रत्येकाच्या हाती एक पांढरा रुमाल देतो.

आता या वर्गाविषयी. माझी मागणी फार नाही: उन्हाळी सुटीत तीन आठवडे, एका वेळी पंधराहून अधिक अध्यापक नकोत. पहिला आठवडा प्रयोगशाळेत, साहाय्यकाला सुटी देऊन. दुसरा हॉटमिक्स प्लांटवर आणि रस्त्यावर, आणि तोही बहुशः रात्रीचा, कारण कामे रात्री चालतात. तिसऱ्या आठवड्यात प्रत्येकाने आपल्या सहकाऱ्यांपुढे एक तास शिकवावयाचा आणि शेवटच्या बाकावर रोलरचालक, माल पसरणाऱ्या पेव्हरचा मिस्त्री आणि खात्याचा एखादा निवृत्त ओव्हरसियर बसवावयाचा. हा तिसरा आठवडा सर्वांत अवघड जातो. स्थापत्यशास्त्राचा एक विद्वान पदवीधर रोलिंगवर तास घेत असता मागून रोलरचालकाने विचारले, "सर, चढावर पुढचं चाक वर ठेवायचं का मागचं?" आणि तो तास तेथेच संपला, पण त्या विद्वानाने दुसऱ्या दिवशी पहाटे रोलरवर शेजारी बसून उत्तर शोधले, आणि आज तो माझ्यापेक्षा चांगला शिकवितो.

अडचणी सांगितल्या पाहिजेत. एका महाविद्यालयाने आपल्या अध्यापकास या वर्गासाठी कर्तव्यरजा नाकारली. अर्जावर शेरा असा की, सदरहू प्रशिक्षण 'रस्त्यावर उभे राहणे' या सदरात मोडते, सबब मान्य नाही. मी तो कागद जपून ठेवला आहे. ठेकेदार परक्या माणसास प्लांटवर येऊ देत नाहीत, विशेषतः ज्याच्या खिशात थर्मामीटर आहे अशास. खात्याकडून लेखी मंजुरी येईपर्यंत पाऊस येतो. आणि काही सज्जन विचारतात की, सगळीकडे काँक्रीटचे रस्ते होत असता डांबर शिकवावयाचेच कशाला? शहरातील हमरस्त्यांपुरते त्यांचे म्हणणे खरे असेल. पण 25 डिसेंबर 2000 रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतून खेडोपाडी गेलेल्या वाटांवर मुख्यतः 20 मिलिमीटरचे पातळ डांबरी कार्पेट आहे, आणि थर जितका पातळ तितका तो लवकर निवतो, तितकी चूक लवकर होते.

निवणे म्हणजे काय ते मी एका रात्रीच्या नोंदीवरून सांगतो. आम्ही पाच अध्यापक होतो, डिसेंबर होता, वारा नदीकडून येत होता. नेहमीच्या व्ही.जी. 30 जातीच्या डांबराचा माल पसरताना किमान 140 आणि रोलिंग आटोपेपर्यंत किमान 90 अंश असला पाहिजे असा नियम. डंपरात 148 लागले. पेव्हरच्या मागे 139. तेवढ्यात रोलरचे पाणी संपले म्हणून चालक कॅन घेऊन हातपंपावर गेला, आणि आमच्यातला एकजण थरात थर्मामीटर खुपसून उकिडवा बसून मोठ्याने आकडे वाचू लागला: 126, 117, 108. कोणी बोलेना. 101 ला मिस्त्रीने शिवी हासडली. 96 ला चालक परत आला, आणि त्या दहा-बारा मीटरांवर त्याने जीव तोडून फेऱ्या मारल्या तरी कडेची खडी सुटी ती सुटीच राहिली. तो तुकडा येथून फार दूर नाही.

त्याच तुकड्यातून उद्या सकाळी सात वाजता वर्गातील अध्यापक यंत्राने दोन नमुने कापून काढणार आहेत, एक त्या दहा-बारा मीटरांतला आणि एक त्याच्या पलीकडचा, आणि दोन्ही तेथेच तागडीवर हवेत व पाण्यात तोलून पोकळी किती राहिली ते काढणार आहेत. खात्याची परवानगी घेतलेली आहे, भोके त्याच दिवशी बुजविण्याची हमी मी लेखी दिलेली आहे. ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी अवश्य यावे. मुकादमांच्या घरून चहा येणार आहे. विद्यार्थ्यांनी जाड तळाची पादत्राणे घालावीत, आणि पांढरा रुमाल आणावा.